ओन्नीची रोजची एक बादली

मी चार बुकं शिकलेला माणूस. आयुष्यभर माती उपसली. मला गोष्टी रचता येत नाहीत. झालं तेच सांगतोय.

नोव्हेंबर १९८७. मिनेसोटातलं डुलूथ. टेकडीवरचं सायमाबाईंचं घर.

घराखाली अर्धवट खणलेली पोकळी होती, बहुतेक ठिकाणी जेमतेम रांगता येईल एवढी. थंडीत तिथले पाण्याचे पाइप गोठून फुटायचे. पूर्ण तळघर झालं नाही, तर या हिवाळ्यात बाईंना घर सोडावं लागणार होतं. सत्तरी ओलांडलेली बाई. एकटी.

मी आणि माझा जोडीदार ग्लेन, दोघांनी काम घेतलं. घर जॅकवर तोललं, भिंतींच्या पायाखालची माती काढायला लागलो. एक तुकडा काढायचा, एक सोडायचा. सलग काढली की घर बसलंच म्हणून समजा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आलो, तर खड्ड्याच्या तोंडाशी...

एक भरलेली बादली.

लाल, ओली माती.

"काय रे मर्ल, चोरून जादा काम करतोस?" ग्लेन म्हणाला.

"तुझं अर्धं काम मलाच उरकावं लागतं ना!"

हसलो. माती ओतून दिली.

चौथ्या दिवशी पुन्हा. एकच बादली.

पाचव्या दिवशी दुपारी ग्लेन लाकूड आणायला गेला. मी वर स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. खाली कुणीच नव्हतं.

आणि माझ्या पायाखाली...

खस्स... खस्स...

थांबलं.

पुन्हा खस्स... खस्स...

मी कप खाली ठेवला.

बाई वेलचीच्या पावाला लोणी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन फावडी मारली की थांबतो. दम लागतो त्याला."

"कुणाला?"

"ओन्नीला. माझ्या नवऱ्याला. गोदीतनं घरी आला की रोज एक बादली खणायचा. म्हणायचा, सायमे, तुला तळघर करून देतो. अकरा वर्षं खणलं. तिथंच गेला बघ... मी वरून जेवायला हाका मारत होते."

"कधी?"

"झाली की सहा वर्षं."

"बाई, भीती नाही वाटत?"

"भीती कसली, पोरा? दिवसभरात या घरात तेवढाच एक आवाज असतो."

काँक्रीट ओतायचा दिवस आला. हाडं गोठवणारी थंडी. गाडी तासभर आधीच आलेली, ड्रायव्हर शिव्या घालतोय.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ओतायच्या आधी एकानं खड्ड्यात उतरायचं आणि तीनदा ओरडायचं, "वर या!" खाली कुणी नाही हे माहीत असलं, तरी.

मी उतरायला लागलो.

"अरे, आपण दोघंच तर आहोत," ग्लेन म्हणाला. "हाका कुणाला मारतोस, उंदरांना?"

मला लाज वाटली. म्हटलं, जाऊ दे. ओता.

काँक्रीट पसरलं. आणि पलीकडच्या कोपऱ्यात...

ओला थर थरथरला. दोनदा.

थांबला.

पुन्हा दोनदा.

ग्लेननंही पाहिलं. त्यानं गुपचूप फळी उचलली आणि तो कोपरा सारखा करत राहिला, करत राहिला... हलायचं थांबेपर्यंत.

आठवड्यानं राहिलेलं सामान न्यायला गेलो. घर मस्त उबदार झालेलं. पाइप शाबूत. बाई स्वयंपाकघरात बसलेल्या. घड्याळाची टिकटिक तेवढी.

"मर्ल, आता काही ऐकू येत नाही रे."

मी टोपी हातात फिरवत राहिलो.

"ओतायच्या आधी त्याला वर बोलावलंस ना?"

ग्लेनचं नाव पुढं करावं, त्या ड्रायव्हरच्या घाईचं सांगावं, असं मनात आलं. पण तोंडातून निघालं ते असं...

"हो बाई. तीनदा."

बाईंचा चेहरा असा उजळला, की मला खाली बघावं लागलं.

"मग येईलच. बूट काढायला फार वेळ लावतो तो."

त्या उठल्या. स्वयंपाकघरातून तळघरात उतरायचं दार सताड उघडलं. आणखी एक ताटली मांडली.

मी सामान न घेताच निघालो.

त्या घरात बाईंनी आणखी दोन हिवाळे काढले. शेजारीण सांगते, ते दार त्यांनी एकदाही लावलं नाही.