मापाचा शर्ट

“ही कॉलर माझी आहे,” मी म्हणाले.

शेअर रिक्षात पुढे बसलेल्या अनोळखी माणसाला असं कुणी म्हणतं का? पण गलोंड्याला रिक्षात बसल्यापासून त्याची मान माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मानेवर माझी कॉलर. टोकाशी मी शिवण जरा आधी वळवते. तो वळसा मी कुठेही ओळखला असता.

त्याने वळून पाहिलं. रागावला नाही, उलट डोळ्यांत भलतीच उत्सुकता. “मग हेही तुमचंच का?” असं म्हणत त्याने हात वर केला. काखेपासून वीतभर शिवण उसवलेली.

“ते नाही हं! आमच्या कारखान्यात बाह्या सुमित लावतो. मी फक्त कॉलर.”

“दोनदाच धुतलाय. कॉलर मात्र ठणठणीत… उद्यापासून तेवढीच घालून शाळेत जावं म्हणतो.”

मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या गुड्डीने, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने, मला जोरात चिमटा काढला.

त्याचं नाव केदार. गाव देवरुख, आणि इथे सिल्वासात शाळेत विज्ञान शिकवायचा. आमलीला उतरल्यावर चहाच्या टपरीवर त्याने मला इतके प्रश्न विचारले की चहा गार झाला. कापड कोण कापतं? बिघडलेल्या शर्टांचं काय होतं? दिवसात किती कॉलरी?

“पाचशे. टारगेट चारशेचं,” मी मान ताठ करून म्हणाले.

तीन वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. घरच्यांना पगार कळायचा, सुपरवायझरला आकडा कळायचा. हा माणूस मात्र कॉलरीच्या आत काय घालतात तेही विचारत होता. मला तो तिथेच आवडला, उगाच कशाला लपवू?

“म्हणजे अख्खा शर्ट तर तुम्हाला सहज येत असेल,” तो म्हणाला. “माझे वर्षात चार फाटले हो. एक तरी धड शिवून मिळाला तर…”

“त्याच्यात काय!” मी म्हणाले.

आयुष्यात मी एकही अख्खा शर्ट शिवला नव्हता.

रविवारी तो हातमागाचं अडीच मीटर कापड घेऊन टपरीवर आला. सोबत मापासाठी एक शर्ट. निळ्या बारीक रेघांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. “जपून हं,” तो म्हणाला. “बाबांनी दिलेला आहे. कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून घालतोय… आणि माझ्याकडे चांगला म्हणावा असा हा एकच.”

आमच्या घरमालकीण कोंडाबाईंचं पायमशीन ओसरीवर असतं. मी तिथे तो शर्ट मांडीवर घेऊन बसले. उलटा केला, सुलटा केला. बाही अंगात शिरते कशी, हेच बाहेरून कळेना. मग आमच्या लाइनीत बिघडलेला पीस आला की करतात तेच मी केलं. ब्लेडने शिवण उसवली. एकच… थोडं आत बघण्यापुरती.

आत काय दिसावं? दोन-दोन बोटं कापड राखून ठेवलेलं. आमच्याकडे तिथे तांदळाच्या दाण्याएवढंही सोडत नाहीत. राखलेल्या कापडावर सुईच्या जुन्या भोकांच्या दोन ओळी, म्हणजे हा शर्ट दोनदा सैल केलेला. मग दुसरी शिवण कशी असेल? आणि खांद्याची? माझा हात थांबेचना. संध्याकाळी भानावर आले तेव्हा ओसरीवर सोळा तुकडे पसरले होते.

“व माय! हाई काय करं तुनी?” गुड्डी दारातच ओरडली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सुमितला गाठलं. “बाही बसवायची कशी रे?”

“मशीनला गाइड लावलेला आहे,” तो म्हणाला. “मी फक्त पुढे ढकलतो. का गं?”

मी लाइनभर विचारत फिरले. कफवाल्याला कफ माहीत, बटणवालीला बटण. रोज हजारो शर्ट बाहेर पाठवणाऱ्या आम्हाला कुणालाच शर्ट येत नव्हता. मला याचं हसू यायला हवं होतं. त्या दिवशी रडू आलं.

सोमवार-मंगळवार दोन्ही संध्याकाळी त्याच शर्टाची बाही लावली, उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उसवली. आमलीच्या नाक्यावर केदार भेटायचा. “झाला का?” “होतोय…” एवढं बोलून मी दुसरीकडे बघायचे.

बुधवारी तो म्हणाला, “नवा राहू दे सावकाश. मापाचा तेवढा उद्या देता का? शुक्रवारी देवरुखला जायचंय.”

“काही कार्यक्रम?”

“आईने ठरवलंय…” तो चपलेने माती उकरायला लागला. “मुलगी बघायला जायचंय.”

घरी पडलेले ते सोळा तुकडे आधी आठवले, आणि मग, लाज वाटते सांगायला, त्या तुकड्यांचा आनंद झाला. पण तो समोर उभा होता आणि मला ‘होतोय’ म्हणवेना.

“चला,” मी म्हणाले. “दाखवते.”

ओसरीवर कोंडाबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या शेजारी चादरीवर एकेक तुकडा मांडला. केदारचा चेहरा उतरला.

“मला शर्ट येत नाही,” मी म्हणाले. “खोटं बोलले. तुम्ही असं कौतुकाने विचारलंत ना… नाही म्हणवलंच नाही. जोडायला बघितला, जमला नाही.”

तो खाली बसला. एक तुकडा उचलून म्हणाला, “ही कॉलर?”

“ती उलटवलेली आहे. झिजलेली बाजू खाली घेतलीय, चांगली वर. हातशिलाई आहे. मी कॉलरवाली… मलासुद्धा बाहेरून कळलं नाही!”

त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं. “आईचा टाका आहे हा. म्हणजे नवा म्हणून मिळाला तो शर्ट बाबांनी वापरलेला… मला कधी बोलली नाही.” त्याने कॉलर जपून चादरीवर ठेवली. मग म्हणाला, “शुक्रवारपर्यंत कोणाकडून तरी होईल का?”

“आमलीत टेलर आहेत. करून देतील.” मी इथेच गप्प बसायला हवं होतं. “पण मी देणार नाही.”

“का?”

“मला स्वतःला शिवायचाय. शिकून. आणि… तो घालून तुम्ही दुसरीला बघायला जावं, हे मला नकोय.”

कोंडाबाईंचा हात सुपातच थांबला. मी ओढणीचं टोक चाचपत राहिले. केदारने माझ्याकडे पाहिलं, रिक्षात पाहिलं होतं तसंच, काहीतरी उलगडत असल्यासारखं. मग खिशातून फोन काढला.

“आई, शुक्रवारी येत नाहीये… नाही, तब्येत बरी आहे. तो निळा शर्ट… उसवलाय.” फोनवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, “विचारतेय, कुणी उसवला?”

मी हात पुढे केला. फोन कानाला लावला आणि तोंडातून निघूनच गेलं, “आई, शर्ट मी उसवला. शिवणार पण मीच. पण… वेळ लागेल हो.”

पलीकडून आवाज आला, “लागू दे बाई. पण तू कोण गं?”

मी फोन केदारच्या हातात कोंबला. तो हसत होता, कानापर्यंत लाल झाला होता.

“आई,” तो म्हणाला, “मी बघितली मुलगी.”