सीमेवर पहारा नाही

स्वतःच्याच चष्म्यावर बसणारा माणूस लढाई काय जिंकणार! त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिच्या मनात आलं होतं.

भर दुपारची जेवणाची सुट्टी. चष्म्याच्या दुकानात ती एकटी, समोर कॉम्प्युटर आणि पडद्यावरच्या खेळात तिचं राज्य ऐन संकटात. एवढ्यात मोडक्या चष्म्याचे दोन तुकडे घेऊन, दाराच्या चौकटीला खांदा धडकवत हा आत आला.

"चष्मा..."

"थांबा. माझी चाल चालू आहे."

"बरं." त्याने चाचपडत स्टूल शोधलं. "मला काही दिसत नाहीये. निदान काय चाललंय ते तरी सांगा."

दुसरा कोणी असता तर भांडला असता. मग तिनेही सांगितलं — शेजारचा राजा धान्यासाठी धमकावतोय, डोंगरापलीकडे कोण आहे ते अजून ठाऊक नाही... चष्मा दुरुस्त होऊन नाकावर बसला, तरी स्वारी उठेना.

"मला शिकवाल?"

जवळच्याच तलावावर तो पोहायला शिकवायचा. दुपारी तलाव बंद. मग काय, रोजच यायला लागला. ती त्याला 'नवशिक्या' म्हणे, तो तिला 'सेनापती'. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"आधी चहूकडे माणसं पाठव, मुलूख बघून घे. दिसेल ते बांधत सुटू नकोस. दोन शेजाऱ्यांशी एकदम वाकडं घ्यायचं नाही. आणि हरलास तर हरलास! सुरुवातीचे डाव हरण्यासाठीच असतात."

"पाण्यातही तसंच. आधी नाकातोंडात जातं, मग येतं."

खेळ आळीपाळीचा आणि कॉम्प्युटर एकच. त्यामुळे एकाची चाल चालू असली की दुसऱ्याने पाठ फिरवून बसायचं, असं ठरलेलं. पण चष्म्याच्या दुकानात पाठ फिरवून जाणार कुठे? जिकडेतिकडे आरसे!

"चोरा! आरशातून माझी चाल बघतोस?"

"चाल कोण बघतंय..."

तिचे कान तापले. रागाने, असं तिने स्वतःला बजावलं. साफ खोटं!

दुकान आत्याचं. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं आणि तेव्हापासून तिचं सगळं आत्याच ठरवायची — शाळा, कपडे, नोकरी. आता दुसऱ्या गावात नवी शाखा उघडायची आणि हिने तिथे जाऊन राहायचं, असं आत्याने ठरवलं होतं. पुढच्याच महिन्यापासून. हिला विचारलं? छे! आणि खेळातली ही वाघीण घरात गोगलगाय. मान हलवून मोकळी झाली होती.

तिने त्याला सांगितलं, त्या दुपारी तो गप्पच राहिला. 'जाऊ नकोस' एवढंही म्हणाला नाही. मग ती अशी पेटली, की सगळं सैन्य घेऊन सरळ त्याच्या राज्यावर चालून गेली. आणि सीमेवर पोचून थबकली.

"हे काय? माझ्या बाजूला एकही सैनिक नाही? सगळे त्या डोंगरात, आणि इकडे दार सताड उघडं! इतके दिवस शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी?"

"नाही, लक्षात आहे सगळं."

"मग?"

"तिकडे तू आहेस ना..." तो आरशाकडे तोंड करूनच म्हणाला. "तुझ्यापासून कसला पहारा?"

माउसवरचा तिचा हात तसाच राहिला. या वेड्याला सोडून आपण दुसऱ्या गावात चष्मे विकायचे? का म्हणून?

तेवढ्यात दार उघडून आत्या आत आली.

"सामान आवरायचं सोडून खेळ चाललाय होय?"

"मी जाणार नाहीये, आत्या."

"काय?"

"मला नाही जायचं. तेव्हा मान हलवली, ते चुकलंच माझं."

"जीभ फुटली वाटतं!"

"फुटली. जरा उशिराच फुटली."

"आणि शाखा कोण बघेल? भूत?"

"माणूस ठेव. नाहीतर उघडू नकोस."

आत्याने त्याच्याकडे बोट केलं. "या पोहणाऱ्यासाठी चाललंय ना हे सगळं?"

"नाही. मला जायचं नाही, म्हणून नाही जाणार. तो मला आवडतो, ती वेगळी गोष्ट. खूप आवडतो. त्याला अजून सांगितलेलं नाही."

तो तिथेच होता, स्टुलावर, आ वासून.

आत्या त्याच्याकडे बघत राहिली, मग हिच्याकडे. "घरी ये, मग बघते तुझ्याकडे," म्हणत तिने आतल्या खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. हिने आपलं बोलणं मनात पुन्हा घोळवून पाहिलं. पण मागे घ्यावा असा एकही शब्द तिला सापडेना.

"हे... आधी मला सांगायचं असतं," तो हळूच म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर तू आत्याची समजूत काढायला गेला असतास. माझं भांडण मला करायचं होतं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी मी इथेच राहणार. रोज याच रस्त्याने, तुझ्या नाकासमोरून जाणार."

"नाही म्हणतंय कोण, सेनापती..." तो स्टुलावरून उठला. "तू जाणार म्हणालीस तेव्हा रडू येईल म्हणून गप्प बसलो होतो."

तिने त्याचा हात धरला. दुकानाची दर्शनी भिंत अख्खी काचेची, बाहेर भर दुपारचा रस्ता. दोन बायका थांबल्या, एक सायकलवाला मान वळवून बघत गेला. त्याने संकोचून हात सोडवायला बघितलं, तेव्हा तिने तो आणखी घट्ट धरला.

"बघू देत," ती म्हणाली.