तळघरातला निळा उजेड

"माझ्या नवऱ्याला मी मारलं," बाई म्हणाली, "आणि आता तो मला हाका मारतोय."

मायलो पर्टुलाच्या हातातली कॉफी बशीत सांडली. थेक्ला ब्रँडवोल्डच्या डुलुथमधल्या खासगी तपासाच्या कचेरीत पळून गेलेले नवरे यायचे, चोरीला गेलेल्या होड्या यायच्या. मेलेला नवरा पहिल्यांदाच आला होता. मायलो आधी शहरबस चालवायचा, आता थेक्लाची गाडी चालवायचा, आणि भुताखेतांच्या बाबतीत त्याचं मत साधं होतं: असोत बापडी, पण आपल्या रस्त्यावर नकोत.

थेक्लाने भुवईसुद्धा हलवली नाही. "आधी मारलं ते सांगा. हाकांचं नंतर."

एल्ना कोस्केला साठीची होती. मोठ्या तळ्याच्या उत्तर काठावरच्या ग्रेलिंग कोव्हहून ती नोव्हेंबरच्या धुक्यात एकटीच गाडी चालवत आली होती. कोट काढायलाही तयार नव्हती.

"आर्मस, माझा नवरा, हॅम रेडिओचा वेडा. तळघरात त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, एक्कावन्न साली स्वतः बांधलेला. रेडिओचा आवाज पार जपानपर्यंत फेकणारं धूड. मार्चमध्ये, उपासाच्या दिवसांतला बुधवार होता. चर्चमध्ये सूपचं जेवण होतं, मी सकाळपासून तिथेच. संध्याकाळी परतले तर घर काळंकुट्ट, ओसरीवरचा दिवाही बंद. चाचपडत स्वयंपाकघरात गेले. मेन स्विच पडलेला. मी तो वर ढकलला आणि सगळीकडे उजेड झाला. आर्मसला हाक मारली, ओ नाही. तशीच जिना उतरले, तर तो यंत्रापुढे पडलेला. झाकण उघडं, यंत्राचे दोन्ही खटके चालू. मी प्लग खेचला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं." तिने ओठ घट्ट मिटले. "त्याने मेन बंद करून आत हात घातला होता हो! आणि मी मूर्खासारखी..."

"शेरीफला मेनचं सांगितलंत?"

"जीभच रेटली नाही. तो आला तेव्हा घरभर दिवे होते. अपघात म्हणाला, मी मान हलवली. फक्त रुबेनला सांगितलं. शेजारी आहे, आर्मसचा रेडिओतला जोडीदार. तो म्हणाला, कुणापाशी बोलू नकोस, माझ्या पोटात राहील. दर रविवारी येतो बिचारा, धीर द्यायला."

"बरं. आता हाका."

"रोज तिन्हीसांजेला मी त्या यंत्राशी जाऊन बसते. गेल्या महिन्यापासून अधूनमधून त्यातले दोन व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, निळे पेटतात. पेटतात, विझतात, पेटतात. त्या उघडझापीत त्याचं रेडिओवरचं नाव असतं. मला ती कट्ट-कडकट्टची भाषा येत नाही, पण तीस वर्षं जिन्यावरून ऐकलेला तो ठेका मी झोपेतही ओळखेन. आणि प्लग त्या दिवसापासून जमिनीवर पडलाय."

मायलोने आपली खुर्ची दाराजवळ सरकवली.

"माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?" थेक्लाने विचारलं.

"एवढंच कळू दे, तो मला बोलावतोय की दोष देतोय. दोष देत असेल तर..." एल्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तर तळं काही घरापासून लांब नाही."

थेक्लाने लगेच कोट उचलला. "मायलो, गाडी काढ."

कोस्केलांच्या दाराशी बूट काढताना मायलोचा अंगठा मोज्यातून बाहेर डोकावला. तो लाजला. एल्ना दिवसभरात पहिल्यांदा हसली.

"असू दे. आर्मसचेही असेच असायचे, शिवून शिवून थकले. पण घरात बूट कधी आणला नाही हो. फक्त शेवटच्या दिवशी..."

"शेवटच्या दिवशी काय?" थेक्लाने विचारलं.

"पायात बूट होते. शेरीफ यायच्या आत मी काढून ठेवले. लोक काय म्हणतील, एल्नाच्या घरात बुटांनी वावरतात!"

तळघरात ओल्या दगडाचा वास होता. यंत्र करड्या रंगाचं, कपाटाएवढं, झाकण अजून उघडंच. समोर एक खुर्ची होती आणि खुर्चीवर लोकरीची शाल. आत दोन काचेचे व्हॉल्व्ह उभे होते, दुधाच्या छोट्या बाटलीएवढे. थेक्ला बॅटरी घेऊन वाकली. काचेच्या आतून, अगदी वरच्या टोपीशी, रुपेरी थेंब दवासारखे चिकटले होते.

"ओल धरलीय," मायलो म्हणाला.

"पारा आहे, शहाण्या. मिसेस कोस्केला, आर्मस गेल्यापासून याला कुणी हात लावलाय?"

"धूळसुद्धा झटकलेली नाही. तळघराची किल्ली माझ्या गळ्यात असते."

"आणि त्याआधी हे कधी घराबाहेर जायचं?"

"उन्हाळ्यात, रेडिओच्या स्पर्धेला. पण हे दोन व्हॉल्व्ह आधी काढायचे. गाडीत आर्मस ते मांडीवर उभे धरून बसायचा, तान्हं बाळ घेतल्यासारखा. मी चालवायचे, आणि खड्डा आला की शिव्या खायचे." तिने खुर्चीवरची शाल सारखी केली. "यंदाचा उन्हाळा त्याने पाहिलाच कुठे? आता मिनियापोलिसच्या क्लबची माणसं पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. चालवून बघू म्हणतात. रुबेन म्हणतो, त्यांना कशाला, मीच घेऊन जातो. पण माझं मन होत नाही."

यंत्रातून एक तांब्याची तार खिडकीच्या फटीतून बाहेर जात होती. थेक्ला बाहेर जाऊन ती तार बघत उभी राहिली. तार जुनी होती, हिरवी पडलेली. भिंतीच्या कोपऱ्याशी मात्र तिला एक चकचकीत नवा चिमटा लावलेला होता आणि तिथून दुसरी बारीक तार गवतात शिरली होती. थेक्लाने चिमट्यावरून बोट फिरवलं आणि हात खिशात घातला.

आर्मसचा धाकटा भाऊ टाउनो बंदरावर जाळं विणत बसला होता. बाजूला त्याचा खटारा ट्रक उभा होता.

"वहिनीला मी शंभरदा सांगितलं, ते धूड तळ्यात ढकलून दे. त्याने माझा भाऊ खाल्ला."

"तुम्हाला त्यातलं कळतं?"

"मला? एकदाच हात लावला आणि जन्माची अद्दल घडली. स्पर्धेला माझ्या होडीतून नेत होतो, मी त्या काचेच्या दिव्यांचा खोका आडवा ठेवला. आर्मस असा कडाडला! म्हणे पारा वर चढला. मग तासभर नुसते ते दिवे तापवत बसला, पारा खाली उतरेपर्यंत. त्याशिवाय मोठ्या विजेचा दुसरा खटका दाबूच देईना."

"तो गेला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

टाउनोची सुई थांबली. "इथेच. होडीला डांबर फासत. एकटाच. का?"

परत जाताना मायलो म्हणाला, "ट्रक आहे, साक्षीदार नाही, आणि त्या यंत्रावर राग. मला विचाराल तर हाच."

"तुला विचारलं नाही," थेक्ला म्हणाली.

रुबेन हॅग्लंडचं घर कुंपणापलीकडेच होतं, मागे मोठं वर्कशॉप आणि त्यापुढे ट्रक. माणूस मऊ बोलायचा. त्याने वेलदोड्याचा पाव कापून पुढे ठेवला आणि मायलोला तो एकदम आवडून गेला. पाव आणि माणूस, दोन्ही.

"त्या दिवशी आर्मस भेटला होता?"

"नाही ना," रुबेनने डोळे टिपले. "मी दिवसभर वर्कशॉपमध्ये. मला बोलावलं असतं तर आज जिवंत असता. एल्नाने ते यंत्र मला देऊन टाकावं, बाई. क्लबवाले येऊन चालू करतील आणि आणखी एखादा जाईल."

"आणि निळा उजेड?"

"विज्ञानाला सगळंच उलगडतं असं नाही," रुबेन हळू आवाजात म्हणाला. "आर्मसला काही सांगायचं असेल. मी तर एल्नाला म्हणतो, स्वतःला माफ कर, यंत्र घरातून काढ, म्हणजे तोही सुटेल."

तिन्हीसांजा झाल्या. तळ्यावरून धुकं चढत आलं आणि खिडक्या पांढऱ्या झाल्या. तिघं तळघरात बसली. थेक्लाने दिवा घालवायला सांगितला. प्लग जमिनीवर पडला होता, मायलोने तो स्वतःच्या हाताने चाचपून पाहिला होता. कुठे दूर भोंगा वाजत होता.

आणि व्हॉल्व्ह पेटले.

आधी एक, मग दोन्ही. थंडगार, जांभळट निळे. काचेच्या आत कुणी श्वास घेतल्यासारखा उजेड फुगला, विझला, पुन्हा आला. लांब, आखूड, लांब. एल्नाचा चेहरा त्या उजेडात बुडालेल्या माणसासारखा दिसत होता. तिचे ओठ ठेक्याबरोबर हलत होते.

"तोच आहे," ती पुटपुटली. "आले रे, आर्मस."

मायलोची दातखीळ बसायची बाकी होती. तेवढ्यात थेक्लाने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "रुबेनकडे जा. दार जोरात वाजव. म्हणावं, एल्नाने बोलावलंय. आणि पळत जा!"

भुतापासून लांब जायचं म्हटल्यावर मायलोला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने रुबेनच्या दारावर मुठी आपटल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. रुबेनचे केस दोन्ही कानांवर दबून चपटे झाले होते. डुलकी लागली होती म्हणाला.

मायलो त्याला घेऊन आला तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. वहिनीला मासळी द्यायला आलेला टाउनोही दारात उभा होता.

"तू गेलास आणि जरा वेळाने उजेड गेला," एल्ना म्हणाली. "मधेच, अर्ध्या नावावर."

"बसा सगळे," थेक्ला म्हणाली. "मिसेस कोस्केला, एकच प्रश्न. मेन पडलेला होता. घरात काळोख. आर्मसपाशी बॅटरी होती? मेणबत्ती?"

"नाही. काहीच नव्हतं."

"मग तळघरातल्या काळोखात तो यंत्राच्या पोटात हात घालून काय दुरुस्त करत होता?"

एल्नाने तोंडावर हात नेला.

"हे शेरीफने विचारलं असतं, पण त्याला मेनचं ठाऊकच नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्याने तुम्हाला गप्प राहायला सांगितलं. आता बूट. जन्मात घरात बूट न आणणारा माणूस तळघरात बुटांसकट. का? कारण तो चालत आत आलाच नव्हता. त्याला आणलं होतं."

"देवा," टाउनो म्हणाला.

"तिसरी गोष्ट पारा. टाउनो, तुम्हीच सांगितलंत. यंत्र आडवं झालं की पारा वर चढतो, आणि तापवल्याशिवाय उतरत नाही. खाली तळघरात, व्हॉल्व्हमध्ये तो आजही टोपीशी आहे. म्हणजे ते यंत्र आडवं टाकून या घरात आलं, आणि आल्यापासून एकदाही तापलं नाही. गार व्हॉल्व्ह मोठी वीज पुढे सोडत नाहीत. मिसेस कोस्केला, तुम्ही मेन चढवला आणि जिना उतरताच प्लग खेचलात. तेवढ्यात ते यंत्र चिमणीलाही मारू शकत नव्हतं. आर्मस दुसरीकडे मेला. तुमच्या हाताने नाही."

एल्नाने आपले दोन्ही तळवे उलटून पाहिले.

"आर्मसने यंत्र हलवलं असतं तर व्हॉल्व्ह मांडीवर उभे नेले असते," थेक्ला पुढे म्हणाली. "ज्याने परत आणलं तो एकटा होता आणि भेदरलेला होता. ते उभं राहीना, म्हणून आडवंच ट्रकमध्ये घातलं, व्हॉल्व्हसकट."

"ट्रक!" मायलो टाउनोकडे बघत ओरडला.

"गप बस. टाउनोकडे रेडिओ नाही. भिंतीपाशी जुन्या तारेला नवा चिमटा लावून बारीक तार गवतातून नेलीय, ती कुंपणाखालून रुबेनच्या घरात जाते. त्या तारेतून जोराची रेडिओलहर सोडली की पाऱ्याची वाफ आपोआप निळी पेटते, प्लग लागत नाही. मायलोने दार वाजवलं आणि आर्मसचं भूत अर्ध्या नावावर थांबलं. केसांवर हेडफोनच्या खुणा अजून आहेत, मिस्टर हॅग्लंड."

रुबेनचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"क्लबचे म्हातारे येणार होते. त्यांनी पारा बघितला असता आणि कळलं असतं. म्हणून ही बाई घाबरून यंत्र तुमच्या हवाली करेपर्यंत तुम्ही तिला मेलेल्या नवऱ्याचं नाव दाखवत राहिलात."

रुबेन खुर्चीत खचला.

"ट्रान्सफॉर्मर सैल झाला होता," तो म्हणाला. "आर्मस यंत्र माझ्या वर्कशॉपमध्ये घेऊन आला, तू यायच्या आत परत नेऊन ठेवू म्हणाला. झाकण उघडलं की वीज तोडणारा सुरक्षेचा खटका मीच बांधून टाकला, आत नीट दिसावं म्हणून. तो वाकला होता. मी मीटरकडे बघत होतो, आणि माझा हात... सवयीने गेला, एल्ना. माझ्याच हाताने खटका दाबला. मग मी घाबरलो. ओसरीच्या दिव्यात रस्त्यावरून कुणी बघेल म्हणून मेन पाडला. माझ्या बॅटरीच्या उजेडात खाली यंत्र उभं केलं, खटके चालू केले, तोच तुझी गाडी वळताना दिसली, आणि मेन चढवायचा राहून गेला. तुझ्यावर ढकलायचं माझ्या मनातही नव्हतं!"

"ढकललं नाहीत," थेक्ला म्हणाली. "तिने आपणहून अंगावर घेतलं आणि तुम्ही घेऊ दिलंत."

"दर रविवारी," एल्ना म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "या टेबलाशी बसून म्हणायचास, स्वतःला माफ कर. माझ्या ताटातलं खाऊन." ती उठली. "तो काही बोलला का, रुबेन?"

"नाही. क्षणात गेला."

"मी रोज त्या फरशीशी बसले. त्याच्याशी बोलले, पाया पडले. तिथे तो गेलाच नव्हता." तिने टेबलाची कड धरली. "चल. मला ती जागा दाखव."

टाउनो रुबेनच्या अंगावर जायला निघाला होता, तो थबकला. त्याने तिचा दंड धरला. "वहिनी, आत्ता नको. धुकं आहे, पायात सपाता आहेत..."

"सोडा, भाऊजी," ती म्हणाली. "इतके महिने मी खुनी होते. आज पहिल्यांदा नुसती विधवा आहे. मला नीट रडू तरी द्या."

रुबेन पुढे झाला, मान खाली घालून. ती त्याच्यामागे ओल्या गवतातून कुंपणाकडे गेली, आणि टाउनो तिच्यामागे. वर्कशॉपचा दिवा लागला. थोड्या वेळाने तिचा मोकळ्या गळ्याने रडण्याचा आवाज आला, आणि मायलोचेही डोळे भरून आले. थेक्लाने तो आवाज थोडा वेळ ऐकला, मग मायलोला शेरीफला फोन लावायला सांगितलं.