चौथं नाव

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो. ज्यांना दुपारी जेवून आडवं पडल्यावर नुसतं मनोरंजन हवंय, त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

मी परभणीत राहते. निकिता माझी मावसबहीण. लग्न होऊन सेलूला गेली. तिच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगतेय, पदरचं एक अक्षर घालत नाही.

तारीख अकरा मे, मागचं वर्ष. वेळ दुपारी अडीच. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? मे महिन्यातल्या सेलूच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. रात्री निदान कुत्री तरी भुंकतात.

घरात माणसं तीन. निकिता, तिचा नवरा परमेश्वर आणि सासू कस्तुराबाई. परमेश्वर कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घर जिनिंगच्या कंपाउंडला चिकटून, शेजारच्या खोल्या उन्हाळ्यात रिकाम्या. मागे भिंत, खिडक्यांना गज. आत-बाहेर करायला दार एकच, पुढचं. हे लक्षात ठेवा.

कस्तुराबाईंना काचबिंदू. उजवा डोळा गेलेला. डाव्याला दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आल्यावर म्हातारी रडली नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, "निकिता, समुद्राचा पल्याडचा काठ दिसतच न्हाई म्हणत्यात. खरं हाय का गं? डोळं हायत तवर एकदा दावा मला."

जन्मात काही न मागितलेली बाई.  निकितानं परमेश्वरला बजावलं, "पुढच्या शनिवारी निघायचं. काही झालं तरी."

मग हॉटेल शोधणं सुरू झालं. तीन दिवस बाई फोनला चिकटलेली. एका हॉटेलच्या फोटोत समुद्र होता, पण तो गच्चीवरून, आणि सासूबाईंचे गुडघे पायऱ्यांचं नाव काढलं की कुरकुरायचे. एकाचा समुद्र नारळाच्या मागे. एकानं तर समुद्र म्हणून चक्क पोहायच्या टाकीचा फोटो लावलेला. "ह्या टाकीपेक्षा आपलं लोअर दुधना धरण बरं की," परमेश्वर म्हणाला.

अकरा तारखेला दुपारी मनासारखं सापडलं. कोकणातलं लहानसं हॉटेल. तळमजल्यावरची खोली. पलंगाला लागून खिडकी, आणि खिडकीत समुद्र. दुसरं काहीच नाही, नुसता समुद्र.

"माणसं किती?" फोनवरच्या फॉर्मनं विचारलं. निकितानं मोठ्यानं म्हणत तीन टाकलं.

"तीन नको टाकू!" कस्तुराबाई पलंगावरून ओरडल्या. "तीन तिघाडा, काम बिघाडा. चार लिही."

आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. तिघं मिळून कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर उंबऱ्याजवळचा एक खडा उचलून खिशात टाकायचा. तो चौथा. परत आल्यावर जिथला तिथे ठेवायचा. बस्स, एवढंच.

निकिता हसली. म्हातारीचं मन कशाला मोडा? चार टाकले, तिघांची नावं भरली.

पण फॉर्म पुढे सरकेना. चौथ्याचं नाव हवं. वय हवं.

तिनं मनाला आलं ते लिहिलं. कडूबाई. वय पासष्ट. स्त्री.

बटण दाबलं. चौघांचं बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज आला.

आणि कूलर बंद पडला...

लाईट होती. पंखा फिरत होता. नुसता कूलर बंद. त्या शांततेत पुढच्या खोलीतून आवाज आला. बॅगेची चेन कुणीतरी हळूहळू ओढत होतं.

परमेश्वर कामावर होता. कस्तुराबाई तिच्या समोर होत्या.

निकितानं जाऊन पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. कपाटावरची बॅग खाली जमिनीवर होती. उघडी.

"आत्याबाई, चौथ्याला नाव मागितलं तर मी आपलं कडूबाई लिहून टाकलं," तिनं हसत हसत सांगायचा प्रयत्न केला.

कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. "अगं, खड्याला कधी नाव देत्यात का? खड्याला नाव नसतंय म्हणून त्यो खडा. जिला कुनी कवा बोलिवलं न्हाई, तिला तू नाव घेऊन बोलिवलंस की गं."

"कोण कडूबाई? आपल्यात होती का कुणी?"

"कुनीच न्हाई. म्हणून तर भ्या वाटायलंय."

घरात दोघीच, पण त्या दिवशी निकितानं चहा केला आणि तीन कप भरले. कळलंसुद्धा नाही. दोन उचलले, तिसरा ओट्यावर राहिला. परत आली तर...

कप रिकामा होता.

तिनं तडक हॉटेलला फोन लावला. म्हटलं, चौथं नाव काढून टाका, आम्ही तिघंच येतोय.

पलीकडचा माणूस चक्रावला. "अहो ताई, असं काय करताय? त्या तर आत्ताच बोलल्या माझ्याशी. खिडकीजवळचा पलंग मलाच द्या म्हणाल्या."

"कोण बोललं? कुठल्या नंबरवरून?"

"ह्याच. तुमच्याच."

 निकितानं ते बुकिंग रद्द केलं आणि दुसरं हॉटेल काढलं. टाकीवालं, चालेल म्हटलं. माणसं तीन टाकली आणि नावाचा रकाना उघडला...

कडूबाई. वय पासष्ट. आधीच भरलेलं.

तिसरं हॉटेल उघडलं. तिथेही तेच. संध्याकाळी परमेश्वर आला, त्यानं समजावलं की फोन जुनं लिहिलेलं लक्षात ठेवतो, तू उगीच घाबरायलीस. त्यानं स्वतःच्या फोनवरून बघितलं. तिथेही कडूबाई. त्यानं फोन पालथा ठेवून दिला.

पहिल्या हॉटेलचा मेसेज आला. बुकिंग पक्कं. माणसं चार.

"आता तिला घेऊनच जावं लागंल," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर जायचं मातर जायचं. माझ्याकडं दिवस हायत कुठं?"

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर जायचंच कशाला? मीही तेच म्हणाले. निकिता म्हणाली, "ताई, रोज सकाळी आत्याबाई डावा डोळा उघडून आधी भिंतीवरचं घड्याळ बघतात. दिसलं की देवाला हात जोडतात. त्यांना नाही कसं म्हणू?"



अठरा मे. पहाटे साडेपाचला बजरंग जीप घेऊन येणार होता. बजरंग परमेश्वरचा दोस्त, पक्का ड्रायव्हर. पाच वाजता तिघंही तयार. कस्तुराबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. खडा उचलला नाही. चौथी होतीच.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

परमेश्वरनं आतली कडी काढली. दार ओढलं. हललं नाही.

पुन्हा ओढलं. बाहेरून कुलूप खडखडलं...

निकितानं दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. रात्री तिथे घरचं कुलूप आणि लाल दोरा बांधलेली पितळी किल्ली टांगलेली होती. तिनं स्वतः टांगली होती. आता खिळा रिकामा.

गावाला निघताना सगळ्यात शेवटी घराबाहेर पडणारा कुलूप लावतो. ते कुणीतरी लावलं होतं. घरातली माणसं घरात असताना.

बाहेर जीपचं दार उघडलं आणि लागलं.

"बजरंग! ए बजरंग! आत अडकलोत रे आमी!" परमेश्वर दार बडवायला लागला. निकिता खिडकीचे गज धरून ओरडली. कस्तुराबाई काठी जमिनीवर आपटत होत्या.

जीप निघून गेली.

फोन लावला. नुसती रिंग. आसपास ऐकायला माणूस नाही, मागे जिनिंगची भिंत. आपल्याच घरात, बॅगा भरून, तिघं कोंडलेली. परमेश्वरनं लाथा घातल्या, खांदा लावला. जुनं सागवानी दार, ते कशाला ऐकतंय?

सहा वाजले. उजाडलं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट कस्तुराबाईंच्या तोंडावर आलं.

तेव्हा त्या म्हणाल्या, "निकिता, लाईट गेली का गं?"

परमेश्वर दाराला लाथा घालायचा थांबला.

"लाव की लाईट. घड्याळ दिसंना मला."

निकितानं त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे उघडे. पापणी लवली नाही. दिवाळीपर्यंत पुरणारी नजर त्या अर्ध्या तासात गेली होती. निकिता त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली.

साडेसातला शेजारच्या गल्लीतले दत्तराव दूध घेऊन चालले होते. त्यांनी पहारीनं कोयंडा उपटला. लाकूड चिरलं, कुलूप मात्र तसंच बंद राहिलं. किल्ली कुठेच सापडली नाही.

नऊ वाजता बजरंगचा फोन आला.  "परमेश्वर, त्या मावशी कोन होत्या रे? कुलूप लावून गाडीत बसल्या. म्हणल्या, तिघं मागून यायलेत, तू चल. घरात काय हाक-आवाज नव्हता, मला वाटलं तुझ्या घरच्याच. ढालेगावच्या पुलाजवळ आरशात बघितलं तर मागं कुनीच न्हाई... सीटवर नुसता एक खडा."

"कुठाय तो खडा?"

"भेलो ना बे! खिडकीतून फेकून दिला."

कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. "उंबऱ्याचा खडा वाटंत टाकला. आता ती माघारी कशी येनार? माझी नजर घेऊन गेली ना ती."

परमेश्वर दोन दिवस त्या पुलाच्या आसपास वाकून वाकून हिंडला. खडे हजार होते. त्यातला आपला कुठला?

डॉक्टर म्हणाले, काचबिंदूत असं अचानकही होतं. होत असेल. ते शिकलेले आहेत.

मग आषाढात एका दुपारी कस्तुराबाई आपसूक म्हणाल्या, "आज लाटा लय मोठ्या हायत."

निकिता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खरंच की गं. पल्याडचा काठ दिसतच न्हाई." म्हातारी हसत होती.

सुरुवातीला निकिताला बरंच वाटलं. म्हातारीचं मन रमतंय ना, रमू दे. कस्तुराबाई रोज सांगायच्या, पाणी सकाळी कसं आणि सांजेला कसं. होड्या किती गेल्या.

पण श्रावणात त्यांचं हसणं थांबलं. "निकिता, डोळं मिटलं तरी समुद्रच दिसतोय. झोपंत पन त्योच. ती खिडकीतून हलतच न्हाई." गणपतीच्या सुमारास त्या रडायलाच लागल्या. "बास झालं मला पानी. मला माझ्या परमेश्वरचं तोंड बघायचंय. तिला म्हण, वळून तरी बघ."

एके दिवशी म्हणाल्या, "खिडकीच्या कट्ट्यावर आपली किल्ली ठिवलीया. लाल दोऱ्याची."

निकितानं हॉटेलला फोन केला. तोच माणूस होता. म्हणाला, "ती खोली मे महिन्यापासून बंद आहे ताई. आतून. तोडायला कुणी धजत नाही."

दिवाळीत परमेश्वरनं चिरलेलं दार दुरुस्त केलं, नवा कोयंडा ठोकला. निळं दार होतं, त्याला हिरवा रंग दिला. कस्तुराबाईंजवळ कुणी बोललं नाही. बिचारीला रंगाचं सांगून काय उपयोग? जुनं बंद कुलूप निकितानं कपाटात खाली ठेवून दिलं होतं.

आता गेल्या बुधवारचं सांगते. दुपारी अडीचला तिचा फोन आला. कुजबुजत होती.

"ताई, कपाटातलं कुलूप उघडलंय."

"म्हणजे?"

"आपोआप. आत्ता. आणि आत्याबाई विचारतात..." तिला बोलवेना. "विचारतात, आपल्या दाराला हिरवा रंग कधी दिला गं? लय झ्याक दिसायलाय म्हणतात."

  कस्तुराबाई आत पलंगावर होत्या. आणि रंग फक्त बाहेरच्या बाजूनं दिला होता.

"निकिता, दार उघडू नको!"

"उघडलं नाही तर आत्याबाई जन्मभर आंधळ्या राहतील, ताई. आणि किल्ली तर तिच्याकडेच आहे."

मागून म्हातारीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "उघड की गं, किती येळ उभी ऱ्हाईल ती उन्हात?"

मग कडी सरकल्याचा आवाज... आणि फोन बंद.

दोन दिवस कुणी फोन उचलला नाही. शुक्रवारी निकितानंच केला. आवाज तिचाच, अगदी मोकळा.

"ताई, आत्याबाईंना दिसायला लागलं! घड्याळ दिसतं, ह्यांचं तोंड दिसतं. डॉक्टर तर बघतच राहिले. तुमी सगळे या की भेटायला."

मला रडूच फुटलं. म्हटलं, देव पावला. बाकी घरात सगळी बरी आहेत ना?

"हो तर," निकिता म्हणाली. "चौघंही बरी आहोत."

चौथी कोण, हे न विचारताच मी फोन ठेवला. 

परभणी ते सेलू, रेल्वेनं तासाभराचा रस्ता. तीनदा बॅग भरली आणि तीनदा रिकामी केली. आमच्या घरातून निघणारेही तिघंच आहेत.