अडसर कोणत्या बाजूला

विषय : सरकारी जागेतील संरक्षित दगडी दार पूर्वीच्या दिशेने बसवून मिळणेबाबत.
संदर्भ : पहारेकऱ्याच्या पत्नीचा अर्ज, व त्यानंतरची तिचीच स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की... इथवर आलं की हात आपोआप पुढे चालू लागतो. उभा जन्म जुन्या वास्तूंच्या कचेरीत कारकुनी केली. सुनेला चहात साखर कमी आहे हे सांगतानाही तोंडात ‘निदर्शनास आणून देण्यात येते’ असंच येतं. ती बिचारी साखर वाढवते, शेरा मारत नाही. पण हे प्रकरण टिपणीत मावणारं नाही. दिवा जरा अलीकडे घ्या. खिडकी राहू द्या उघडी. तिचा उपयोग होत नाही, पण राहू द्या.

आमच्या खात्याचं काम सांगायला अगदी सोपं. सरकारी जमिनीवर जे काही जुनं असेल ते जसं असेल तसं ठेवायचं. कुंपण घालायचं, पाटी लावायची, आणि प्रेमी जीव दगडावर आपली नावं कोरतात ती कोरू द्यायची नाहीत. जसं असेल तसं. याहून जास्त अक्कल आमच्याकडून कोणी अपेक्षिली नव्हती, आणि गोंधळ झाला तो कोणीतरी जास्त दाखवली म्हणूनच.

गावाबाहेरच्या सरकारी टेकडीतून रस्ता न्यायचं ठरलं. टेकडीच्या पोटात एक दगडी खोली निघाली. खोली कसली, कोठडीच. चार माणसं दाटीवाटीनं उभी राहिली तर एकमेकांचे श्वास मोजतील एवढी. खिडकी नाही, झरोका नाही. दार मात्र एखाद्या राजवाड्याला शोभावं असं. एका अखंड दगडाचं कवाड, खुंटीवर इतकं नेमकं तोललेलं की करंगळीनं ढकललं तरी फिरावं. त्याला अडसर होता, आणि तो बाहेरून. माती उपसली तेव्हा लोखंडी अडसर चौकटीच्या खोबणीत घट्ट बसलेला होता. मोठ्या मुश्किलीनं काढला. आत काहीच नव्हतं. भांडं नाही, हाड नाही, राखसुद्धा नाही. “एवढा बंदोबस्त, आणि रिकाम्या खोलीचा?” असं म्हणून आम्ही हसलोही.

रस्ता काही थांबला नाही, पण खोली वाचली. त्याचं श्रेय मोठ्या साहेबांना दिलंच पाहिजे. रस्तेवाल्यांशी ते वाघासारखे भांडले. एकेक दगड उतरवला, त्यावर आकडा रंगवला, आणि कचेरीमागच्या सरकारी मैदानात खोली जशीच्या तशी उभी करायला घेतली. साहेब विद्वान होते. दुर्दैवानं हे त्यांनाही ठाऊक होतं.

चौकट बसवायच्या दिवशी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“हा अडसर बाहेरून कसा?”

“होताच तसा, साहेब,” मी म्हणालो.

“असेल कसा? घराला कडी आतून असते की बाहेरून?”

“कुलूप बाहेरून असतं, साहेब.”

“ते कुलूप. हा अडसर आहे. आधी कधीतरी कोणीतरी चौकट उलटी बसवलेली दिसते.”

“पण फोटोतसुद्धा बाहेरच...”

“फोटो उलटा छापला असेल.”

फोटो उलटा छापला तर डाव्याचं उजवं होतं, बाहेरचं आत होत नाही, असं मी म्हणालो. मनात म्हणालो. मनात म्हणण्याचा अधिकार आमच्या हुद्द्याला होता. चौकट फिरवली. बाहेरचं तोंड आत गेलं, अडसर आतल्या खोबणीशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. जुन्या लोकांची चूक सुधारल्याबद्दल साहेबांचं वरून कौतुक झालं.

त्यानंतर मैदानाला वास येऊ लागला.

कुजल्याचा नव्हे. बंद खोलीचा. कोणी कधीच न उघडलेल्या कपाटाचा, ओलसर दगडाचा. उघड्या मैदानात, भर वाऱ्यात. कचेरीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या तर तो आणखी आत आला. मग आवाज बदलला. मैदानातून चालताना आपल्याच चपलांचा आवाज जरा उशिरानं परत येई, जणू समोर कुठंतरी भिंत आहे. समोर तर मोकळं रान होतं.

खोलीच्या राखणीला एक पहारेकरी होता. पोलिसात कधी नव्हता, पण मिशांमुळे सगळे त्याला हवालदार म्हणत. मैदानाच्या कडेच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. तिला मी वहिनी म्हणे.

“भाऊसाहेब,” एकदा हवालदार माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “मैदानात तुम्हाला कोंदट वाटतं का हो?”

“मैदानात? कोंदट?”

“मलाही बोलताना लाजच वाटते. बायकोला सांगितलं तर म्हणाली, आधी आंघोळ करा.”

आम्ही हसलो. त्याचं हसणं माझ्या आधी थांबलं.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, वहिनी जेवणाचा डबा घेऊन कचेरीत आली. डबा तसाच हातात.

“भाऊसाहेब, ह्यांनी आतून लावून घेतलंय.”

“कुठं?”

“त्या दगडाच्या खोलीत. झाडू घेऊन आत गेले. मी बघत होते. दार आपोआप फिरलं, आणि आतून अडसर पडल्याचा आवाज आला.”

“रुसलेत की काय?”

“रुसायचं काम आमच्यात माझ्याकडं आहे,” ती म्हणाली. डबा माझ्या टेबलावर ठेवून ती दाराकडं वळली.

मी तिच्याबरोबर गेलो. सकाळपासून आभाळ भरलेलं, उजेड राखेसारखा. कवाड बंद. कवाड आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट होती. मी फटीला तोंड लावून हाक मारली.

“भाऊसाहेब!” त्याचा आवाज लगेच आला, अगदी जवळून, अगदी नेहमीसारखा. “बरं झालं आलात. अडसर काढा की.”

“अडसर तुमच्या बाजूला आहे, हवालदार.”

“थट्टा नका करू. इकडं नुसता सपाट दगड आहे. अडसर तुमच्याकडंच असणार.”

मी कवाडावरून हात फिरवला. सपाट दगड. थंड.

“आणि मला एक सांगा,” तो म्हणाला, “तुम्ही दोघं आत काय करताय?”

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं.

“आम्ही बाहेर आहोत हो...” मी म्हणालो. “तुम्ही आत आहात.”

“मी? मी मैदानात उभा आहे, भाऊसाहेब. ऊन काय पडलंय. डोळे उघडवत नाहीत.”

मी फटीला डोळा लावला. आत काळोख. पण त्या काळोखातून येणारा वारा कोमट होता, आणि त्याला उन्हात वाळलेल्या गवताचा वास होता. इतक्या दिवसांत असा स्वच्छ वास मला आला नव्हता. मी जरा जास्तच वेळ तिथं नाक लावून उभा राहिलो.

अग्निशामकवाले आले. फटीतून बॅटरी मारली, काठीला आरसा बांधून आत सरकवला, कोपरान् कोपरा पाहिला. अडसर आतून जागच्या जागी. झाडू जमिनीवर. माणूस नाही. त्यांच्या प्रमुखानं घण मागवला, तेव्हा मोठे साहेब हात पसरून कवाडासमोर उभे राहिले.

“हे संरक्षित आहे! एक टवका उडाला तर कोण जबाबदार?”

“आणि माझा माणूस?” वहिनी म्हणाली. “तो नाही का संरक्षित?”

“बाई, आत कोणी नाही. तुम्ही स्वतः पाहिलंत.”

“मग बोलतंय कोण?”

“तो दगडाचा गुण असतो. बोललेलं साठून राहतं.”

“साहेब, नमस्कार,” आतून आवाज आला.

साहेबांनी सवयीनं मान हलवली. मग ती तशीच राहिली, अर्धी खाली. चेहऱ्यावरचा रंग मात्र पूर्ण उतरला. घण परत गेला. अहवालात ‘आत कोणतीही व्यक्ती आढळली नाही’ असं आलं. ते खरंच होतं. आवाजासाठी अहवालात रकाना नव्हता.

वहिनी फार शिकलेली नव्हती, पण तिचं म्हणणं सरळ होतं. दार होतं तसं होतं तोवर सगळं ठीक होतं. फिरवलं आणि बिघडलं. तर परत फिरवा. अर्ज मीच लिहून दिला. वरच्या कचेरीत तो पोचला तेव्हा तिथल्या खुर्चीवर बढती मिळून आलेले आमचेच मोठे साहेब बसले होते. दार फिरवायचं तर आधी ते चुकीचं बसवलं होतं असं त्यांनीच लिहायला हवं. त्याऐवजी त्यांनी विचारणा केली. सदर इसम आत आहे की बाहेर? आत असल्यास अहवालाशी विसंगती येते. बाहेर असल्यास, जसं तो स्वतः म्हणतो, सुटकेचा प्रश्नच उद्भवत नाही. इतकं निर्दोष पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला शिसारी आली, आणि थोडा हेवाही वाटला.

वहिनी रोज संध्याकाळी फटीशी जाऊन बसे. घरातलं सगळं त्याला सांगे. नळ गळतोय, दीर विचारून गेला, उशीचा अभ्रा उसवलाय. तोही हो-ला-हो करी. नवराबायको आयुष्यभर जेवढं बोलले नसतील तेवढं त्या फटीतून बोलले. कधी कचेरी सुटल्यावर मीही जाऊन बसे. खरं सांगायचं तर त्या वासासाठी.

अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, “आज तिघं आलात होय?”

“मी आणि भाऊसाहेब,” वहिनी म्हणाली. “दोघंच.”

“आणि ती मागं बसलीय ती?”

आमच्या मागं मोकळं मैदान होतं. निदान असायला हवं होतं. मी वळलो नाही. वहिनीनं माझी बाही धरली. तिच्या आयुष्यात तिनं मला पहिल्यांदा स्पर्श केला असेल.

“कोण... कशी आहे?” मी विचारलं.

“नीट दिसत नाही. आत अंधार आहे ना. भिंतीला टेकून बसलीय.” तो म्हणाला, “घाबरू नका. काही करत नाही ती. इतकी वर्षं आत एकटीच होती, आता माणसं बघून बरं वाटत असेल.”

इतकी वर्षं. बंदोबस्त रिकाम्या खोलीचा नव्हता. आम्ही आत डोकावून काही नाही म्हणालो, एवढंच. आता अडसर हवालदाराच्या हाताला लागत नव्हता आणि आमच्याही. आणि जे आत होतं ते अजून आतच होतं. फक्त ‘आत’ म्हणजे आता ही कचेरी, ते मैदान, हा रस्ता, ही तुमची माझी खोली. वास येतोय म्हणालात ना मघाशी? नाही म्हणालात? बरं. सवय झाली की येत नाही.

वहिनी त्या दिवसानंतर घाबरली नाही, उलट चिवट झाली. तिला नवरा परत हवा होता, आणि आता तिला कळलं होतं की तो इकडं, आत, येण्यात अर्थ नाही. स्मरणपत्राचा मजकूर तिनं बदलून घेतला. ‘माझ्या नवऱ्यास बाहेर काढावे’ खोडलं. ‘दार फिरवून मला त्याच्याकडे जाऊ द्यावे’ असं घातलं. मी म्हणालो, वहिनी, असं लिहिलं तर वरचे लोक तुम्हाला वेडी ठरवतील. ती म्हणाली, “ठरवू देत. वेड्यांच्या अर्जाला तरी उत्तर देतात का बघू.”

मी निवृत्त झालो, तरी आठवड्यातून एकदा जातो. मागच्या खेपेला गेलो तेव्हा हवालदार खुशीत होता.

“तुमचं काम करून टाकलंय, भाऊसाहेब,” तो फटीतून म्हणाला. “इकडच्या कचेरीत अर्ज दिला. तुम्हा सगळ्यांना बाहेर काढावं म्हणून.”

“इकडची कचेरी?” वहिनीनं विचारलं. “तिकडं कचेरी आहे?”

“आहे ना. अगदी तशीच. मागं मैदान, पाटी, सगळं. साहेबांनी अर्ज वाचला. दार उघडायला हरकत नाही म्हणाले, पण आधी एक बघावं लागेल.”

“काय?”

“आत नक्की माणसंच आहेत का.”

मग आमच्या मागं, अगदी सावकाश, कोणीतरी बसल्या जागेवरून उठल्यासारखं झालं. कपड्याची सळसळ, आणि तीही, चपलांच्या आवाजासारखी, जरा उशिरानं परत आली.

वहिनीच्या अर्जावर वरच्या कचेरीकडून अद्याप आदेश झालेले नाहीत. हवालदारानं तिकडे दिलेल्या अर्जाची मी परवाच फटीतून चौकशी केली. तोही प्रलंबित आहे.