इन्क्युबेटरची मागची रांग

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, असं तो सगळ्यांना सांगतो. साफ खोटं आहे. मी फक्त "दार" एवढंच म्हणाले होते. आता माझा आवाजच मुळात खणखणीत आहे, त्याला मी काय करणार?

इन्क्युबेटरचं दार सताड उघडं टाकून तो आत बघत उभा होता, भूक नसताना फ्रीज उघडून उभं राहावं तसा. आत माझ्या चेतापेशी वाढत होत्या. तळहातात मावतील एवढ्या डिश, प्रत्येकीत हजारो पेशी, वय दिवस तीन. आधी नुसता गोल ठिपका असतो. मग त्याला चारी बाजूंनी बारीक अंकुर फुटतात, चाचपडत राहतात, आणि त्यातला एखादाच धीट अंकुर पुढे निघतो आणि लांबच लांब होत जातो. नेमकं तेव्हा कोणी दार उघडं ठेवलं की आतली ऊब जाते, हवा बदलते आणि पेशी बिचाऱ्या अंग चोरून बसतात.

"दार," मी म्हणाले.

त्याने दचकून लावलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "मी शेजारच्या खोलीत नवीन आलोय. पेशींचे सिग्नल मोजतो. हे कोणाचं आहे ते बघत होतो."

"माझं आहे."

"छान आहे."

"दार लावल्यावरही छानच असतं."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई किंचित वर जाते, हे मी त्याच दिवशी पाहिलं... आणि पाहिलं नाही असं ठरवून टाकलं.

संस्थेत त्याचं नाव काचवाला पडलं. काचेची नळी तापवून ओढायची, केसाहून बारीक टोक करायचं आणि ते टोक हजारांतल्या एकाच पेशीला अलगद टेकवायचं, हे त्याचं काम. माझं नाव आधीपासूनच हेडमास्तरीण होतं. त्याने ते पहिल्याच आठवड्यात उचललं, आणि त्याच्या तोंडून मला ते चक्क आवडायला लागलं.

एका भुरभुर पावसाच्या दुपारी तो माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. त्या पहिल्या दिवसानंतर विचारल्याशिवाय आत यायचा नाही.

"हेडमास्तरीणबाई, एखादी जुनी डिश द्याल? टाकून देणार असाल ती. तुमच्या पेशी काय बोलतात ते ऐकवतो."

मी तीन आठवड्यांची एक डिश घेऊन गेले. त्याच्या खोलीत अंधार होता, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली उजेड. त्याने श्वास रोखून काचेचं टोक खाली आणलं, एका पेशीला टेकवलं, आणि शेजारच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला. टक. टक-टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक.

महिनोन्‌महिने मी ज्यांना वाढवत होते त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी स्पीकरजवळ कान नेला.

"ही एकटी नाही बोलत," तो हळू म्हणाला. "शेजारणीनं काहीतरी सांगितलं, म्हणून ही बोलली. दोघींच्या मधे फट असते. चिकटलेल्या नसतात. एक इवलंसं रसायन सोडते, दुसरी ते उचलते."

"आणि दुसरीनं नाही उचललं तर?"

"तर पहिली पुन्हा सोडते." डोळे सूक्ष्मदर्शकालाच लावलेले, पण कान मात्र लाल झालेला. "चिकाटीची असते हो."

मग त्याने डिशमध्ये भुलीच्या औषधाचा एक थेंब सोडला, दात काढताना देतात त्या जातीचं. टक-टक विरळ झालं आणि थांबलं.

"मारल्यात माझ्या पेशी."

"थांबा हो. पेशीला बोलायचं तर तिच्या अंगावरची बारीक बारीक दारं उघडावी लागतात. हे औषध त्या दारांतच जाऊन बसतं. धुऊन काढलं की उठेल."

"दारांचं तुम्हाला बरंच कळायला लागलं."

"कोणीतरी शिकवलं."

तो ताजा द्राव सोडत राहिला. आम्ही थांबलो. बाकावर त्याची बाही माझ्या बाहीला टेकली होती. त्याने हात हलवला नाही, मीही नाही. खूप वेळाने, म्हणजे घड्याळात सहा मिनिटांनी, स्पीकर म्हणाला... टक.

मी त्या दुपारी प्रेमात पडले. उगाच आडवळणाने कशाला सांगू?

माझ्या प्रयोगाचं मूळ मात्र घरी होतं. दोन वर्षांपूर्वी आईला कॅन्सर झाला. औषधांनी ती वाचली, पण त्याच औषधांनी तिच्या बोटांतल्या चेतापेशींचे शेंडे जाळले. तीस वर्षं कपडे शिवणारी बाई. आता सुई टोचली तरी तिला कळत नाही, कापडावर रक्त दिसलं की कळतं. "मुंग्या कसल्या," ती म्हणते, "हाताचं वारूळच झालंय." मी एक नवं औषध तपासत होते. आधी सगळ्या डिशना कॅन्सरचं औषध देऊन पेशींच्या फांद्या खुरटवायच्या, मग अर्ध्या डिशना हे नवं औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसता द्राव. फांद्या पुन्हा वाढतात का, एवढाच प्रश्न.

अशा कामात एक नियम असतो. जी मोजणार, तिला कुठल्या डिशमध्ये काय आहे ते ठाऊक असता कामा नये, कारण डोळे मनासारखं बघतात. नंबर घालणारा, थेंब सोडणारा, डिश आत ठेवणारा आणि यादी पाकिटात बंद करून ठेवणारा माणूस वेगळा लागतो.

"यादी कोण ठेवणार?" आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"काचवाले. त्यांच्या पोटात गोष्ट राहते," मी म्हणाले.

गोष्ट खरंच राहिली. मी काय कमी छळलं त्याला?

"सतरा नंबर काय सुंदर वाढलीये. औषधाचीच ना?"

"सतरा नंबर सतरा नंबर आहे."

"तुमच्या तोंडावरून कळतं मला."

"तोंडावर मास्क आहे."

"डोळे तर आहेत."

"मग डोळ्यांत बघू नका."

मी बघितलंच.

चोवीस डिशच्या तीन फेऱ्या झाल्या, दोन महिने गेले, पाकीट उघडलं. औषधाच्या डिशमधल्या फांद्या जवळजवळ दुप्पट लांब होत्या. सहसा कौतुक न करणाऱ्या मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि शुक्रवारी सगळ्या संस्थेसमोर निकाल मांडायला सांगितला. मी घरी जाऊन आईला सांगितलं. सांगायला नको होतं, डिशपासून माणसापर्यंत किती वर्षांची वाट असते ते मला कळत होतं, पण राहवलं नाही. तिने कपाटातून दोन वर्षं अर्धवट पडलेला एक फ्रॉक काढला आणि मशीनवर नेऊन ठेवला.

बुधवारी दुपारी तो आला. या वेळी न विचारता आत आला आणि दार लावून घेतलं.

"मला एक सांगायचंय."

मला वाटलं, आलं एकदाचं मनातलं ओठांवर.

"औषधाच्या डिश मी तिन्ही फेऱ्यांत मागच्या रांगेत ठेवल्या," तो म्हणाला.

मला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग नीट लागला. त्या इन्क्युबेटरचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं. पुढच्या रांगेला प्रत्येक वेळी गार वारा लागतो, मागची रांग उबेत राहते. म्हणजे मागच्या फांद्या औषधाने वाढल्या की नुसत्या उबेने, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

"का?"

"चुकून."

"तिन्ही वेळा? ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्याने मास्क खाली ओढला. "पहिल्यांदा खरंच विचार केला नाही. औषधाच्या डिश जपाव्यात, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या फेरीला कळलं होतं. पण त्या पुढे ठेवायला हात धजेना. तुम्ही आईंबद्दल सांगितलं होतं... निकाल वाईट आला असता तर तुमचा चेहरा कसा पडला असता, ते मला बघवलं नसतं."

"म्हणून तो शुक्रवारी सगळ्यांसमोर पाडायचा?"

"म्हणून तर आज आलो. आधी यायला हवं होतं."

"अजून काही?"

"आहे. पण ते आत्ता सांगितलं तर शिक्षा कमी करून मागितल्यासारखं होईल."

तो गेला. मला इतका राग आला की हातातली नळी बाकावर आपटून फुटली. दोन महिने पाण्यात गेले होते. आणि एवढं होऊनही आत कुठेतरी मला गोड वाटत होतं, त्याचा तर जास्तच राग आला.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे औषध लागू नाही पडत?" तिने विचारलं.

"म्हणजे माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे नाही नव्हे." तिने पाण्याचा पेला नेहमीसारखा दोन्ही हातांनी उचलला. "आणि त्या पोराचं काय?"

"पोर कसलं, घोडा आहे चांगला."

"गप्प बसला असता तर तुझी वाहवा झाली असती. त्याचीही झाली असती. तरी आला ना सांगायला?"

"तू कोणाच्या बाजूनं आहेस, आई?"

"माझ्या बोटांच्या. खोटं औषध मला नको."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "निकाल सुंदर आहे, आणि तो बाद आहे." मग रांगांचं सगळं समजावून सांगितलं. आवाज कुठेही कापला नाही. खणखणीत आवाज असण्याचा तेवढा फायदा.

"मांडणी कोणी केली होती?" मॅडमनी विचारलं.

मी त्याचं नाव घेणार नव्हते. तो स्वतःच उठला.

"मी केली."

"नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. पण त्यांचा निकाल चांगला यावा असं मला फार वाटत होतं. तो तटस्थपणे बघायची माझी पात्रता नाही, मॅडम. पुढेही असेल असं वाटत नाही."

कोणीतरी खोकलं. साठ माणसं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली, आणि व्यासपीठावर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "हे यादी घ्यायच्या आधी सांगायचं असतं."

बाहेर जिन्यावर तो माझी वाट बघत होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

"आता यादी मॅडम ठेवणार. प्रत्येक रांगेत दोन्ही प्रकारच्या डिश, चिठ्ठ्या टाकून. तो निकाल लागेपर्यंत आपण बोलायचं नाही."

"शिक्षा?"

"नाही. मला माझी खात्री हवी आहे."

त्याने मान डोलावली आणि शब्द पाळला. दोन महिने तो माझ्या खोलीकडे फिरकला नाही. मी दिवसातून चार वेळा त्याच्या दारावरून जायचे, कारण पाण्याचा नळ तिकडे होता. नळ आमच्या खोलीतही आहे, पण ते जाऊ दे. आतून टक-टक ऐकू यायचं आणि माझं पाऊल रेंगाळायचं. मी त्याच्यावर रागावले आहे का, हे रोज स्वतःला विचारायचे. तिसऱ्या आठवड्यात उत्तर 'नाही' आलं, सहाव्यातही 'नाही'च आलं. तेव्हा मी विचारणं सोडून दिलं.

शेवटची डिश मोजून झाली त्या दिवशी मॅडमनी पाकीट उघडायला चारची वेळ दिली. साडेतीनला मी त्याच्या खोलीत शिरले. तो पेशीला टोक टेकवण्याच्या बेतात होता. मला बघून त्याने हात उचलून घेतला.

"निकाल लागला?" तो पुटपुटला.

"अजून अर्धा तास आहे. म्हणून तर आत्ता आले." मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "निकाल चांगला आला असता तर त्या आनंदात मी तुला हो म्हणाले असते. वाईट आला असता तर त्या दुःखात तुझ्याकडे आले असते, नाहीतर तुला बोल लावला असता. मग खरं काय ते मला कधी कळलंच नसतं. आत्ता मला काहीच माहीत नाही. आणि मला तू हवा आहेस."

त्याला मी पहिल्यांदाच 'तू' म्हणत होते. हजारांतल्या एका पेशीवर नेमकं टोक टेकवणारा तो, पण काच ठेवायला गेला आणि ती ट्रेच्या बाहेरच पडून फुटली.

"त्या बुधवारी राहिलेलं... ते सांगू का आता?"

"सांग की. साठ माणसांना आधीच सांगून झालंय तुझं."

त्याने सांगितलं. काय सांगितलं ते माझं आहे, इथे लिहिणार नाही.

चार वाजता मॅडमनी पाकीट उघडलं. फरक पहिल्या निकालाच्या निम्माही नव्हता. आम्ही आकडे तीनदा तपासले. निम्माही नव्हता, पण होता. प्रत्येक फेरीत होता. आता याच्यापुढे खूप वर्षांचं काम होतं, आणि ते करायला मी तयार होते. मी तिथूनच आईला फोन लावला. तो माझ्या शेजारी उभा होता.

"थोडासाच फरक आहे, आई. पहिल्यासारखा नाही."

"खरा आहे ना पण?"

"खरा आहे."

पलीकडून आईने नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आणि तो घोडा?"

"तोही," मी म्हणाले, आणि फोन त्याच्या हातात दिला.