तेरावा पेपर

चार वर्षं ज्या घरचा हुरडा आणि शेंगाची चटणी हादडली, त्याच घरच्या पोरीला चोर ठरवायला आलेला रणधीर चपला घालूनच ओसरीवर चढला. पाणी दिलं तर म्हणाला, "गार नाही का?" ताकात माशी तरंगताना दिसावी तशी शांताक्काला किळस आली.

तामलवाडीत कुणाची म्हैस गेली, दागिना गेला, की लोक आधी शांताक्काकडं येत, मग पोलिसात. शाळा दुसरीपर्यंत, पण माणूस ती उभा वाचायची. सोबतीला असायचे रिटायर जमादार बब्रुवान. त्यांना सगळं कळायचं, फक्त इतरांच्या नंतर.

आज भानगड घरातलीच होती. नात शिवप्रिया धाराशिवच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. येडशीकडच्या माळावरच्या एका मुळीत धान्याची कीड मारणारं रसायन तिला सापडलं, आणि हे आधी कुणीच पाहिलेलं नाही, असं तिनं लिहून दिलं. आता तिच्याच लॅपटॉपमध्ये रणधीरला चाळीस वर्षांपूर्वीचा एक संशोधनाचा पेपर सापडला. रसायन तेच. लॅपटॉपवर तो ठेवल्याची तारीख होती तीन वर्षांमागची. म्हणजे पोरीनं ठाऊक असून लपवलं. उद्या समिती बसणार होती. कबुलीवर आज सही दिली तर पीएचडी जाणार, नाही दिली तर अब्रूही. कबुलीचा कागद घेऊन गाईड आण्णासाहेब आणि तिच्याबरोबर शिकणारा रणधीर आले होते. दोघा विद्यार्थ्यांत फेलोशिप एकच होती.

माजघरात शिवप्रिया डोळे पुसत होती. "आज्जी, तो पेपर मी कधी बघितलाच नाही."

"तुझ्याकडं हजार पेपर. त्यातला एक हुडकतीस कसा?"

"आकृती काढून. रसायनाला नावं दहा असतात, आकृती एकच. स्क्रीनवर ती काढली की ज्या ज्या पेपरात ती किंवा तिच्या जवळपासची आहे, ते समोर येतात. जुने पेपर मात्र नुसते फोटो. त्यातलं मशीनला काही दिसत नाही. म्हणून त्यांची आकृती मी हातानं काढून जोडते. जोडल्याबिगर एकही ठेवत नाही."

"बैलाच्या पावतीवर अंगावरचे केसांचे भोवरे लिवून घेतात तसं. शिंगं रंगवा, नाव बदला, भोवरा तोच. बरं, लॅपटॉप कुणाच्या हाती दिला हुतास?"

"आपण सोनारीला देवाला गेलो तेव्हा दोन दिवस लॅबमध्ये होता. पासवर्ड सरांना आणि रणधीरला माहीत आहे."

"अन् तीन वर्षांमागची तारीख?"

"लॅपटॉपचं घड्याळ मागं फिरवून पेपर घातला, की तीच पडते."

बब्रुवान पुढं सरकले. "मग सरच! मोठा माणूस, मोठं पाप."

"जमादार, गप ऱ्हावा. असल्या अकलेनं किती गरिबांना आत टाकलं तुमी?"

अक्का ओसरीवर आली. रणधीर काडीनं दात कोरत होता.

"एवढ्या हजारात तुला ह्योच कसा रं गावला?"

"एका मिनिटात, आज्जी! आकृती काढली, पेपर हजर."

"नाव टाकून न्हवं?"

"त्यात जुनं नाव आहे. मला कुठलं ठाऊक असणार?"

"मग एकेक चाळला आसशील."

"हजार पेपर? मला दुसरे उद्योग नाहीत का?" तो हसला आणि काडी तिथंच थुंकला.

अक्कानं आण्णासाहेबांना आत बोलावलं. ते अवघडून उभे राहिले. "मला त्यानं पेपर उघडूनच दाखवला, अक्का. मला जास्त वाईट याचं वाटतं, की आकृती हातानं जोडायची शिस्त मीच लावली होती तिला. इतर कुणी एवढे कष्ट घेत नाही."

मग अक्कानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि लॅपटॉप रणधीरपुढं सारला. "मला अडाणीला एकदा दाखीव. काढ आकृती."

त्यानं ऐटीत काढली. बारा पेपर आले, सगळे जवळपासच्या रसायनांचे. तो जुना पेपर त्यात नव्हता. त्यानं पुन्हा काढली. पुन्हा बाराच.

"नेट स्लो आहे," तो पुटपुटला.

"याला नेट लागतच नाही," शिवप्रिया म्हणाली.

आण्णासाहेब उठून उभे राहिले. "मग तुला तो सापडला कसा?"

"मी सांगते," अक्का म्हणाली. "जुना पेपर निस्ता फोटो. आकृती जोडल्याबिगर मशीनला दिसत न्हाय. पोरीनं ठिवला आसता, तर जोडली आसती. सरांनी घुसडला आसता, तर त्यांनीबी जोडली आसती, शिस्तच त्यांची. जोडावी लागती हे ज्याला म्हाईतच न्हाय, त्येनं घातला. ह्येला नाव ठाऊक न्हवतं, ह्येनं चाळला न्हाय, आकृतीनं तर यायचाच न्हाय. तरी गावला. आपण ठिवलेली वस्तू आपल्यालाच गावती."

"म्हणजे... रणधीर!" बब्रुवान ओरडले.

"आली का गाडी फलाटाला, जमादार?"

रणधीरचा चेहरा कणकेसारखा झाला. तरी जीभ वळवळली. "पण पेपर तर खरा आहे ना? शोध हिचा पहिला नाहीच!"

"नाही," शिवप्रिया शांतपणे म्हणाली. "उद्या समितीला ते मीच सांगणार. पहिला मान त्या जुन्या माणसाचा."

आण्णासाहेबांनी कबुलीचा कागद टराटरा फाडला.

अक्का रणधीरसमोर जाऊन उभी राहिली.

"ऐकलंस? सोताच्या तोट्याचं खरं हिनं तोंडानं सांगितलं. तुझ्या हातात खरा कागद हुता. 'शिवप्रिया, हे बघ' म्हणला आसतास, तर ह्या घरानं तुला डोक्यावर घेतलं आसतं. तू खऱ्यालाबी बाटवलंस. आरं, चोर घरातलं काढून नेतो, तू घाण आणून ठिवलीस. तुला चोर म्हणलं तर चोर माझ्याशी भांडायला येतील. ऊठ!"